जे मिळवायचं ते घळभरणीच्या आधी: वीजधरणं, नदीकाठची गावं आणि हिशेबात न धरलेले खर्च

प्रश्न थोडक्यात असा आहे: विचारणारे नाशकात सातपूरला नोकरीला आहेत, मामांचं गाव इगतपुरी तालुक्यात, गावाच्या वरच्या पठारावर सर्व्हेवाले येऊन दगडांवर लाल खुणा करून गेलेत आणि गावात चर्चा अशी की पंप्ड स्टोरेजचं (खालचं पाणी वर चढवून साठवायचं आणि लागेल तेव्हा सोडून वीज करायची, तसलं) वीजधरण होणार. त्यांचं म्हणणं, पाण्याची वीज तर स्वच्छ, ना धूर ना राख, एकलहऱ्याच्या कोळशाच्या वीजकेंद्राच्या चिमण्यांपेक्षा कधीही बरी, मग मोठ्या वीजधरणांना लोक इतका विरोध का करतात आणि नदीकाठच्या माणसाला नक्की भोगावं काय लागतं.

आधी मी कोण ते सांगतो म्हणजे माझं बोलणं किती धरायचं आणि किती सोडायचं ते तुमचं तुम्हाला ठरवता येईल. माझी सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात झाली, सुरुवात सर्व्हे आणि डिझाइनच्या बाजूला, आणि पुढची बरीच वर्षं भूसंपादन-पुनर्वसनाच्या फायलींत. धरणविरोधी मी नाही. नाशिकमध्ये राहून गंगापूर धरणाचं पाणी प्यायचं आणि धरणांना शिव्या घालायच्या हे काही मला जमणार नाही. पण धरण आणि धरण यात फरक असतो, आणि वीजधरणाचा फरक असा आहे की तो मोजणीच्या फायलीत बसल्याशिवाय नीट कळत नाही.

तो असा. सिंचनाचं धरण झालं की खाली लाभक्षेत्र तयार होतं, कालवा येतो, जमिनी ओलिताखाली येतात. ज्याचं गाव बुडालं त्याला त्याच लाभक्षेत्रात जमीन द्यायची हे तत्त्व आपल्या राज्याच्या पुनर्वसन कायद्यात 1976 पासून आहे आणि असा कायदा करणारं महाराष्ट्र पहिलं राज्य. अंमलबजावणी कशी झाली हा वेगळा विषय, तो काढला तर रात्र पुरायची नाही, पण निदान कागदावर तरी बुडालेला माणूस आणि भिजलेला माणूस एका खोऱ्यात असतात, एकमेकांची तोंडं बघतात, मंत्री दोघांच्या गावात मतं मागायला येतो. निव्वळ वीजधरणाला लाभक्षेत्रच नसतं! पाणी बोगद्यातून टर्बाइनवर पडतं आणि वीज तारेवरून निघून जाते, मुंबईला, पुण्याला, आपल्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांना. जमिनीला जमीन द्यायची म्हटली तर द्यायची कुठे, कारण या धरणाने भिजलेली जमीनच नाही. म्हणून वीजधरणाच्या विस्थापिताला एकतर रोख रक्कम घेऊन गप्प बसावं लागतं नाहीतर दुसऱ्याच कुठल्या तरी जिल्ह्यात जावं लागतं.

कोयनेचं हेच झालं. कोयना म्हणजे महाराष्ट्राची भाग्यलक्ष्मी वगैरे सगळं खरं आहे, 1960 मेगावॅटचा प्रकल्प आहे, राज्याचं औद्योगिकीकरण त्या विजेवर उभं राहिलं हे कुणी नाकारू नये. पण धरण बांधलं पन्नास-साठच्या दशकात, पुनर्वसन कायदा आला 1976 ला. मधल्या काळात जावळी-पाटणच्या डोंगरातली माणसं उठवली आणि पसरवली रायगड, ठाणे, रत्नागिरी, सांगली, सोलापूर, जिथे जमेल तिथे. भात-नाचणीचा शेतकरी सोलापूरच्या काळ्या जमिनीत कसा रुजेल याचा विचार कुणी केला असेल असं मला तरी वाटत नाही. काही जण हलले नाहीत, शिवसागर जलाशयाच्या काठावर वर सरकून राहिले, तर 1985 ला तिथे कोयना अभयारण्य झालं आणि 2010 ला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प, म्हणजे आधी पाण्याने उठवलं आणि मग वाघाने. 2018 मध्ये सुद्धा कोयनानगरला प्रकल्पग्रस्त ठिय्या देऊन बसले होते, मागणी तीच, जमीन. आजोबांच्या वेळचं प्रकरण नातवंडं चालवतायत.

आणि हे काही कोयनेपासून सुरू झालेलं नाही. मुळशीचा सत्याग्रह 1921 चा, सेनापती बापटांचा, मावळच्या शेतकऱ्यांचा. धरण टाटांचं, वीज मुंबईच्या गिरण्यांना आणि बुडाली ती मावळातली भाताची खाचरं. शंभर वर्षं झाली, पण गणिताची मांडणी बदललेली नाही: वीज जाते एकीकडे, पाणी चढतं दुसरीकडे, आणि दोन ठिकाणची माणसं एकमेकांना आयुष्यात कधी भेटत नाहीत. सिंचनाच्या धरणात भांडायला समोर कुणीतरी असतो तरी. इथे समोर फक्त वीजबिल असतं, आणि ते भरणाऱ्याला माहीतही नसतं की आपला एसी कुणाच्या खाचरावर चाललाय.

आपल्या विभागातलं सगळ्यात मोठं उदाहरण सरदार सरोवर. लोकांना वाटतं तो गुजरातचा विषय. पण नंदुरबार जिल्हा नाशिक महसूल विभागात येतो, अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यातली 33 गावं त्या पाण्यात गेली, त्यांच्या पुनर्वसनाच्या कितीतरी बैठका इथे नाशिक रोडला विभागीय आयुक्तांच्या कार्यालयात झाल्यात. वीज 1450 मेगावॅटची, त्यातला 27 टक्के वाटा महाराष्ट्राचा, सिंचनाचं पाणी मात्र मुख्यतः गुजरातला. म्हणजे महाराष्ट्राच्या बाजूने बघितलं तर ते वीजधरणच. नर्मदेच्या पाणीवाटपाच्या लवादाचा निवाडा 1979 चा आणि तो त्या काळाच्या मानाने खरंच चांगला होता: जमिनीला जमीन, किमान दोन हेक्टर, सज्ञान मुलगा वेगळं कुटुंब, आणि पाणी येण्याच्या किमान वर्षभर आधी पुनर्वसन पूर्ण. इतका चांगला कागद कोयनावाल्यांना कधी मिळालाच नव्हता. पण सातपुड्यात कसल्या जाणाऱ्या कितीतरी जमिनी सरकारी कागदावर वनजमिनी होत्या आणि कसणारा माणूस अतिक्रमणदार! मग त्याला जमिनीच्या बदल्यात जमीन कशी? या वादात वर्षं गेली आणि पाणी चढत राहिलं, काठावरच्या मणिबेली गावाची घरं नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीलाच बुडायला लागली. जागतिक बँकेने स्वतःच नेमलेल्या मोर्स समितीने 1992 ला सांगितलं की पुनर्वसन आणि पर्यावरण दोन्हीचा पाया कच्चा आहे, आणि 1993 ला बँकेचं कर्ज थांबलं. धरण थांबलं नाही. नंतर तळोद्याची वनजमीन मोकळी करून तिथे रेवानगर, रोझवा, सोमावल अशा वसाहती झाल्या. डोंगर-नदीवर जगलेला माणूस सपाटीवर आला, शाळा-रस्ता-बाजार जवळ आला हे खरं आणि काही कुटुंबांची शेती चांगली बसली हेही खरं, मी उगाच रडगाणं गाणार नाही. पण नर्मदेतला मासा, जंगलातला मोह, चारोळी, डिंक, चारा, लाकूड, कशालाच पैसे लागत नव्हते, ते सगळं आता विकत.

आता मोजणीच्या दिवशी काय होतं ते सांगतो, कारण नुकसान ठरतं तिथे आणि लोक नेमके त्याच दिवशी गाफील असतात. संयुक्त मोजणीला भूमी अभिलेखचा माणूस, तलाठी, प्रकल्पाचा माणूस, कधी कृषी आणि वनखात्याचा, असे सगळे येतात. सातबारा उघडतात. तुमच्या मामांच्या भागातला सातबारा कसा असतो मला माहितीये, थोडं भाताचं खाचर आणि बाकी पोटखराबा (लागवडीलायक न धरलेली जमीन) किंवा वरकस (डोंगरउताराची हलकी जमीन). नागली, वरई, खुरासणी कुठे होते? त्याच वरकसावर. गुरं कुठे चरतात? पोटखराब्यावर. पण दर ठरताना पोटखराबा म्हणजे जवळजवळ फुकट. मग झाडं. आंब्याचं झाड दिसतं, त्याचं मूल्यांकन होतं. बांधावरचा हिरडा तोंडाने सांगितला तर लिहिला जातो, नाहीतर राहून जातो. मोह बहुतेक वेळा हद्दीच्या पलीकडे वनजमिनीत, तो घरच्या बाईने पिढ्यान्‌पिढ्या वेचलेला असला तरी पंचनाम्यात तिचा नाही. विहीर धरतात, पण झऱ्यावरचं बारमाही डवरं, म्हणजे पाण्याचा खड्डा, धरत नाहीत कारण ते बांधकाम नाही. घर मोजतात त्यात पडवी, गोठा, पेंढ्याची उडवी रचायची जागा याच्यावर घासाघीस. आणि शेवटी कागदावर अंगठा कुणाचा? सातबाऱ्यावर नाव असलेल्याचा. सातबाऱ्यावर नाव नसलेली बाई, भूमिहीन कातकरी, दुसऱ्याच्या खाचरात मजुरी करणारा, नदीत मासे धरणारा, यांच्यासाठी फॉर्ममध्ये रकाना असला तरी तो भरायला कुणी मुद्दाम बसावं लागतं. भूसंपादनाच्या 2013 च्या कायद्यात उपजीविका गेलेल्यांनाही बाधित धरलंय, सामाजिक परिणाम मूल्यांकन त्याच्यासाठीच आहे. पण ते मूल्यांकन करणारी टीम दुपारी बारा ते तीन गावात येते आणि तेव्हा बायका रानात असतात.

जगभरचा आकडा हवा असेल तर जागतिक धरण आयोगाने 2000 साली अंदाज दिला होता, मोठ्या धरणांनी 4 ते 8 कोटी माणसं विस्थापित केली. चारपासून आठपर्यंत! म्हणजे किती माणसं उठवली हेच कुणी धड मोजलेलं नाही. सिमेंटची गोणी मात्र एक इकडची तिकडे होत नाही.

बुडीतातल्या माणसाची निदान यादी तरी होते. धरणाच्या खालच्या माणसाची यादीच होत नाही आणि माझ्या मते वीजधरणाचा सगळ्यात मोठा लपलेला खर्च तोच आहे. 2010 च्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासाने जगात 47 कोटींहून जास्त माणसं धरणांच्या खालच्या अंगाला बाधित असावीत असा हिशेब मांडला होता. सिंचनाचं पाणी आवर्तनाने सुटतं, पेपरात येतं, गावाला कळतं. विजेचं पाणी सुटतं मागणीप्रमाणे. संध्याकाळी सगळ्यांचे दिवे-पंखे लागले की विजेची मागणी-पुरवठा जुळवणाऱ्या लोड डिस्पॅच सेंटरमधून सूचना येते, मशीन सुरू, नदीला लोंढा. रात्री मागणी पडली, मशीन बंद, नदी कोरडी. नदी पावसाने चालत नाही, घड्याळाने चालते. धुणं धुणारी बाई, गुरं धुणारा पोरगा, जाळं टाकणारा, वाळूत कलिंगड लावणारा, यांच्या आयुष्याचा आणि त्या घड्याळाचा काही संबंध नाही. 8 जून 2014 ला हिमाचलात बियास नदीवर लारजी प्रकल्पाच्या खाली हैदराबादचे 24 इंजिनियरिंगचे विद्यार्थी वाहून गेले, फोटो काढायला पात्रातल्या दगडांवर उतरले होते, वरती वीजनिर्मिती कमी केल्यामुळे गेट उघडून पाणी सोडलं होतं. पावसाचा थेंब नव्हता. आपल्याकडे गंगापूरमधून विसर्ग वाढवला की सगळं नाशिक घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी आलं ते बघायला जातं, भोंगे वाजतात, गोदाघाटावरचे दुकानदार टपऱ्या हलवतात, कारण आपण शहर आहोत. वीजधरणाच्या खालच्या वाडीत भोंगा ऐकू जातो का हे मी तरी प्रत्येक ठिकाणी विचारून बघायचो आणि उत्तर बहुतेक वेळा तुम्हाला वाटतंय तेच.

मासा हा तर फायलीत बसणारा विषयच नाही. महाशीर पावसाळ्यात वरच्या स्वच्छ पाण्यात अंडी घालायला चढतो, भिंत आली की चढणं संपलं. वाम तर समुद्रात जाऊन अंडी घालते आणि पिल्लं नदीने वर येतात, तिचा रस्ता दोन्ही बाजूने बंद. नर्मदेच्या मुखाशी, भरूचच्या बाजूला हिलसा माशाची मोठी मच्छीमारी होती. वरून गोडं पाणी कमी झालं, समुद्राचं खारं पाणी आत सरकलं, हिलसा घटला. तिथला मच्छीमार धरणाच्या भिंतीपासून शंभराहून जास्त किलोमीटर खाली, त्याचं घर बुडालं नाही, जमीन गेली नाही, त्यामुळे तो प्रकल्पग्रस्त नाही. दाखला नाही, नोकरीतलं 5 टक्के समांतर आरक्षण नाही, काही नाही.

गाळाचंही तसंच. नदी फक्त पाणी नेत नाही, माती-वाळू-पोयटा नेते. भिंत बांधली की तो सगळा भिंतीमागे साठतो आणि खाली सुटणारं पाणी गाळाशिवायचं, ते मग खालचं पात्रच खरवडत जातं, काठ ढासळतात, विहिरींची पातळी खाली जाते. इकडे जलाशय भरत जातो. गंगापूर धरणाचंच घ्या, मूळ साठा 7200 दशलक्ष घनफूट, आता धरतात 5630, बाकीची जागा गाळाने घेतली. गाळ दरवेळी वाईटच असतो असं नाही हं, निफाडला नांदूरमध्यमेश्वरच्या बंधाऱ्यामागे ब्रिटिशांच्या काळापासून गाळ साठत गेला आणि त्याच दलदलीवर पक्षी आले, आज ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे. पण तो उथळ बंधारा आहे, आणि तसं व्हायला शंभर वर्षं लागली. उंच वीजधरणाच्या खोल जलाशयात असं काही होत नाही.

स्वच्छ वीज म्हणालात त्याबद्दल. चिमणीतून धूर निघत नाही हे बरोबर. पण जंगल-शेतं बुडवून पाणी साठवलं की तळाशी झाडपाला हवेशिवाय कुजतो आणि मिथेन निघतो, उष्ण प्रदेशात जास्त. ब्राझीलमधलं बालबिना हे त्याचं जगप्रसिद्ध वाईट उदाहरण, 250 मेगावॅटसाठी दोन हजार चौरस किलोमीटरहून जास्त अॅमेझॉनचं जंगल बुडवलं आणि वीज तुटपुंजी. आपल्या सह्याद्रीतली धरणं तशी नाहीत, खोल दऱ्या, कमी पसारा, त्यामुळे मिथेनच्या मुद्द्यावर मी फार ताणणार नाही. सह्याद्रीत ताणायचा मुद्दा भूकंपाचा. 11 डिसेंबर 1967 ची पहाट, कोयनानगर, रिश्टरवर साडेसहाच्या आसपास, पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. धरण भरायला लागल्यानंतर हादरे सुरू झाले होते आणि जलाशयामुळे चालना मिळालेला भूकंप म्हणून जगातले शास्त्रज्ञ आजही कोयनेचा अभ्यास करतात. खडकातल्या भेगांत पाणी शिरतं, दाब वाढतो, आधीच ताणावर असलेली भेग सरकते, इतकं साधं ते आहे. प्रत्येक धरणाने भूकंप होतो असं अजिबात नाही, व्हॉट्सअॅपवर येतं तसलं काही मनात आणू नका, पण नोंदी ठेवायलाच पाहिजेत आणि आपल्या दिंडोरी रोडच्या मेरी या अभियांत्रिकी संशोधन संस्थेकडे धरणांभोवतालच्या भूकंपमापन केंद्रांचं काम आहे ते त्याचसाठी. हिमालयातलं तर तुम्ही टीव्हीवर बघितलंच असेल, फेब्रुवारी 2021 ला चमोलीचा पूर, ऑक्टोबर 2023 ला सिक्कीममध्ये तीस्तावरचं चुंगथांगचं 1200 मेगावॅटचं धरण हिमसरोवर फुटून वाहून गेलं.

खर्चाचं एक वाक्यात: ऑक्सफर्डच्या संशोधकांनी 2014 ला जगभरातली 245 मोठी धरणं तपासली, प्रत्यक्ष खर्च सरासरी अंदाजाच्या जवळजवळ दुप्पट. ज्याने कधी सुधारित प्रशासकीय मान्यतेचे, म्हणजे वाढलेला खर्च मंजूर करून घ्यायचे, प्रस्ताव टाइप केलेत त्याला याचं काहीच वाटणार नाही.

आता तुमच्या मामांच्या पठाराकडे येऊ. पंप्ड स्टोरेज म्हणजे दोन जलाशय, एक घाटमाथ्यावर, एक खाली. वीज स्वस्त आणि जास्त असते तेव्हा, आजकाल दुपारी सोलरची असते तेव्हा, खालचं पाणी वर चढवायचं आणि संध्याकाळी सोडून वीज करायची. शंभर युनिट खर्चून पंचाहत्तर-ऐंशी परत मिळतात, म्हणजे हे वीज बनवणं नाही, साठवणं आहे, आणि सोलर-वारा वाढवायचा तर साठवण लागणारच, त्यामुळे या प्रकल्पांना सरसकट वेड्यात काढणाऱ्यांशी मी सहमत नाही. तुमच्या शेजारीच घाटघरला 250 मेगावॅटचा असा प्रकल्प 2008 पासून चालू आहे, वरचा जलाशय अकोले तालुक्यात, खालचा शहापूरकडे चोंढ्याला. बुडीत क्षेत्र मोठ्या धरणाच्या मानाने खरंच कमी असतं. डिसेंबर 2023 मध्ये राज्याने यासाठी धोरण आणलं आणि सह्याद्रीत पुष्कळ जागांचे करार झालेत, म्हणून सगळीकडे सर्व्हेवाले फिरतायत.

पण एक गोष्ट कुणी सांगणार नाही ती सांगतो, गाळपेर. दारणा, मुकणे, भावली, कुठल्याही धरणावर हिवाळा संपता संपता जा, पाणी हळूहळू मागे सरतं आणि उघड्या पडलेल्या ओल्या पोयट्यात लोक हरभरा, वाल, भाजीपाला, कलिंगड लावतात. खत नाही, पाणी नाही, नुसती ओल. त्या गाळपेर जमिनींत प्राधान्य त्याच धरणाच्या विस्थापितांना, नियमानेच. ज्याची खाचरं बुडाली त्याला वर्षातले चार महिने तरी आपल्याच बुडालेल्या जमिनीचा काठ परत मिळतो, आणि कितीतरी घरं त्याच्यावर तगली आहेत. पंप्ड स्टोरेजच्या जलाशयात पाणी रोज काही मीटर, कुठे कुठे पंधरा-वीस मीटरही, खाली-वर होणार. सकाळी काठ, संध्याकाळी चिखल, परत पाणी. तिथे एक वाफा लावता येत नाही. मासेमारीची सोसायटी काढू म्हटलं तर रोज हलणाऱ्या काठावर मासा अंडी घालत नाही. गुरं पाण्याला उतरली तर त्या निसरड्या चिखलात रुततात. कुंपण घालून टाकतात शेवटी. म्हणजे जलाशय दिसेल, पण पर्यटकाला. त्यामुळे "धरण झालं तर आपल्याला पाणी तरी मिळेल" असं मामा म्हणत असतील तर त्यांना नीट समजावून सांगा, त्या पाण्यावर गावाचा हक्क लेखी घेतला तरच आहे, नाहीतर उशाशी तळं आणि जानेवारीपासून टँकर. इगतपुरीत पाऊस किती आणि उन्हाळ्यातलं पाण्याचं हाल किती हे मी तुम्हाला सांगायला नको. वैतरणा तुमच्याच तालुक्यात, वीज झाली, पाणी मुंबईला गेलं.

मग करायचं काय. माझं सगळ्या नोकरीचं सार एकच आहे, घळभरणी. धरणाच्या बांधात नदीसाठी ठेवलेली मोकळी जागा शेवटच्या उन्हाळ्यात बुजवतात ती घळभरणी. ती होईपर्यंत प्रकल्पाला गावाची गरज असते, अधिकारी चटईवर बसून चहा घेतात. घळभरणी झाली, एक पावसाळा गेला, की गावाला प्रकल्पाची गरज असते. त्यानंतर जे मिळतं ते कोर्टातून, नाहीतर उपोषणातून, नाहीतर मिळतच नाही. काश्यपी धरणाचं पाणी नाशिक शहराला येतं आणि तिथल्या प्रकल्पग्रस्तांच्या आंदोलनाच्या बातम्याही आपण वर्षानुवर्षं वाचतोय, फार लांब जायला नको. तेव्हा "आधी पुनर्वसन मग धरण" ही घोषणा म्हणून नको, तारखेसकट करारात पाहिजे, घळभरणीच्या आदल्या वर्षीची तारीख घालून.

त्याच्या आधी सगळ्यात तातडीचं काम वनहक्काचं. पठारावरची कसती जमीन वनखात्याच्या नावावर असेल तर 2006 च्या कायद्याचे वैयक्तिक दावे आणि गावाचा सामूहिक दावा आत्ताच पुढे ढकला, सर्व्हे पक्का झाल्यावर नाही. सातपुड्यातली अतिक्रमणदार नावाची गोष्ट वर सांगितली ती याचसाठी. इगतपुरीतली सगळी गावं अनुसूचित (म्हणजे आदिवासी म्हणून जाहीर केलेल्या) क्षेत्रात नाहीत, पण गाव यादीत असेल तर 2013 च्या कायद्याने ग्रामसभेची संमती लागते आणि तो ठराव म्हणजे तुमच्या हातातला हुकमाचा पत्ता आहे. सरपंचाने कोरम नसताना सह्या गोळा करून दिलेला ठराव मी पुष्कळ बघितलाय, ग्रामसभेचं व्हिडिओ शूटिंग करा आणि इतिवृत्ताची प्रत त्याच दिवशी घ्या. थेट खरेदीचा प्रस्ताव आला तर चार पैसे जास्त दिसतील, मोह होतो, घेऊ नका असं म्हणत नाही, पण त्यात पुनर्वसनाचे हक्क, नवीन गावठाण आणि त्यातल्या 18 नागरी सुविधा राहतात का सुटतात ते आधी लेखी विचारा. नवीन गावठाणात स्मशानभूमी आणि गुरचरण कुठे आहे ते नकाशावर बोट ठेवून दाखवायला लावा, बाकी समाजमंदिर वगैरे होतंच, ठेकेदाराला आवडतं ते.

जनसुनावणीची नोटीस किमान 30 दिवस आधी लागते आणि पर्यावरण अहवालाचा गोषवारा मराठीत द्यावा लागतो. तो वाचा. त्यात "खालच्या बाजूचा किमान प्रवाह" शोधा, किती पाणी, कुठल्या महिन्यात, मोजणार कोण, आकडा रोज गावाला कळणार कसा. जलविद्युत धोरणात 2008 पासून दोन चांगल्या गोष्टी आहेत, बाधित कुटुंबाला दहा वर्षं महिना 100 युनिट आणि स्थानिक विकासासाठी 1 टक्का मोफत विजेचा निधी. पण पंप्ड स्टोरेजला मोफत विजेच्या बंधनातून सूट दिलेली आहे, त्यामुळे हे आपोआप येईल असं धरू नका, मागून घ्यावं लागेल, आणि नफ्यातला वाटा दरवर्षी पाहिजे, एकरकमी नको. एकरकमी पैशाची बुलेट आणि बंगला होतो, तिसऱ्या वर्षी दोन्ही विकायला निघतात, हेही मी जवळून बघितलंय.

आणि फक्त पठारावरच्या गावाने जाऊन भागणार नाही. खालचा जलाशय घाटाखाली होईल, त्याच्या खालच्या वाड्यांचं नाव कुठल्याच यादीत नसेल, त्यांना सुनावणीला घेऊन जा, लेखी निवेदन त्यांच्या नावाने द्या म्हणजे ते रेकॉर्डवर येतं. मामांकडून एवढं विचारून कळवा: गाव अनुसूचित क्षेत्राच्या यादीत आहे का, पठारावरचे वनहक्क दावे कुठल्या टप्प्यावर अडकलेत, आणि सर्व्हेवाल्यांनी ग्रामपंचायतीला काही पत्र दिलंय का नुसतेच रंग मारून गेलेत. पत्राचा फोटो असेल तर टाका, त्यावर कुठल्या कलमाखाली आलेत ते लिहिलेलं असतं, मग पुढचं नेमकं सांगता येईल.